एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी : जुन्या सीडींतली गाणी प्लेअरमध्ये भरायची तर

सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवणारे मोफत प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. त्यांतला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे लोक ज्याला ईएसी म्हणतात तो, सगळ्यांत संथ आणि पहिल्यांदा लावायला सगळ्यांत किचकट. तरीही घरात अभंगांच्या, भावगीतांच्या, नाट्यपदांच्या ऑडिओ सीडी असतील तर हाच वापरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण एवढंच की उतरवलेलं गाणं सीडीवर होतं तसंच आलं का, हे तो प्रत्येक ट्रॅकनंतर सांगतो आणि शंका असेल तर कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, तेही सांगतो. जर्मनीचे आंद्रे विटहॉफ १९९८ पासून हा प्रोग्रॅम करताहेत. तो फक्त विंडोजवर चालतो आणि घरगुती वापराला फुकट आहे.

आधी हातातली चकती ओळखा. पाकिटावर ‘एमपीथ्री’ लिहिलेलं असेल आणि पन्नास-शंभर गाण्यांची यादी असेल तर ती डेटा सीडी. तिला ईएसीची गरज नाही, फोल्डर उघडायचा, कॉपी करायचं, प्लेअरमध्ये टाकायचं. आठ-दहा गाण्यांची सीडी उघडल्यावर आत ‘ट्रॅक ०१ डॉट सीडीए’ अशा फायली दिसल्या आणि प्रत्येकीचा आकार १ केबी असला, तर ती ऑडिओ सीडी. या फायली पेनड्राइव्हवर ओढून टाकल्या तर एकही गाणं लागणार नाही. प्लेअर बिघडलाय असं समजून तो दुरुस्तीला नेण्याआधी हे तपासा. सीडीए फाइल ४४ बाइटची असते. गाणं चकतीवर कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढंच त्यात असतं, आवाजाचा त्यात कणही नसतो.

आता मुख्य गोष्ट. ऑडिओ सीडीचं मानक १९८० चं आहे : सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (म्हणजे मोजमापं), १६ बिट, दोन चॅनेल. चकतीवर प्रत्येक सेकंदाचे ७५ तुकडे आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा. डेटा सीडीत यातले २,०४८ बाइट माहितीला आणि उरलेले पत्ता, चूक शोधणं आणि सुधारणं यासाठी असतात. ऑडिओ सीडीत सगळे २,३५२ बाइट आवाजालाच जातात. चूक दुरुस्त करणारा खालचा एक थर दोन्हींत आहे, पण तो हरला की ऑडिओ सीडीला दुसरा आधार नाही. अशा वेळी दिवाणखान्यातला सीडी प्लेअर आजूबाजूचे नमुने बघून मधली जागा अंदाजाने भरतो आणि ऐकणाऱ्याला बहुधा कळत नाही. गाणं कॉपी करताना मात्र तोच अंदाज कायमचा फाइलमध्ये बसतो. चरा मोठा असेल तर त्याचा ‘टक्’ आवाजही बसतो.

ईएसीचा सिक्युअर मोड प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचतो. दोन्ही वाचनं जुळली तर पुढे जातो. जुळली नाहीत तर तोच भाग सोळा वेळा वाचतो आणि सोळापैकी आठ वाचनं एकसारखी आली तरच ते खरं धरतो. तरी जमलं नाही तर पुन्हा सोळा, असं जास्तीत जास्त पाच फेऱ्या. खिडकीत ‘एरर करेक्शन’ लिहिलेल्या जागी लाल दिव्यांची एक ओळ असते, प्रत्येक फेरीला त्यातला एकेक दिवा लागत जातो. याच वेळी ड्राइव्हचा आवाजही बदलतो. एकसुरी घरघर थांबते, चकती मंदावते, मग पुन्हा वेग घेते. निळी पट्टी एका जागी अडकलेली, दोन-तीन दिवे लागलेले आणि ड्राइव्ह दम खातोय असं दिसलं की घाबरून ‘कॅन्सल’ दाबू नका. प्रोग्रॅम त्याचं कामच करतोय. पाचही दिवे लागून पट्टी तशीच राहिली आणि एका ट्रॅकला अर्धा-पाऊण तास गेला, तर मात्र चकती काढून आधी स्वच्छ करा.

ड्राइव्हबद्दल. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची फट नसते, म्हणून बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी रायटर घ्यावा लागतो. सोलापूरच्या नवी पेठेत विचारताना दोन गोष्टी बघा. पहिली, केबलला यूएसबीची दोन टोकं आहेत का. चकती वेग घेताना हे पातळ ड्राइव्ह यूएसबी २.० पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज ओढू शकतात. पोर्ट कमी पडला की ड्राइव्ह टिकटिक करतो, विंडोजमधून गायब होतो, पुन्हा येतो. अशा वेळी डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा. दुसरी गोष्ट, खोक्यावरचा वेग. पातळ ड्राइव्ह सीडी गाणं वाजण्याच्या वेगाच्या २४ पटीपर्यंत वाचतात, तेही चकतीच्या बाहेरच्या कडेला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे सुरुवात साधारण १० पटीनेच होते. मोठ्या खोक्यातला जुना डेस्कटॉप ड्राइव्ह घरात पडून असेल तर तोच लावून बघा. चरे पडलेल्या चकत्या तो बऱ्याचदा चांगल्या वाचतो.

प्रोग्रॅम पहिल्यांदा लावताना एफ१० दाबून ड्राइव्हचे पर्याय उघडा. एखादी बिनचऱ्याची ऑडिओ सीडी आत ठेवा आणि ‘डिटेक्ट रीड फीचर्स’ चालवा. निकालात तीन गोष्टी येतात. ‘अ‍ॅक्युरेट स्ट्रीम’ बहुतेक सगळ्या ड्राइव्हना असतं. ‘कॅशेस ऑडिओ डेटा’ला ‘येस’ आलं तर तशी खूण ठेवाच. कॅश असलेला ड्राइव्ह दुसऱ्यांदा विचारलं की चकतीकडे न जाता मघाशी साठवलेलंच परत देतो. मग दोन्ही वाचनं जुळणारच आणि सिक्युअर मोड नावापुरता उरणार. खूण केली की ईएसी दर वेळी ती कॅश रिकामी करून खरोखर वाचायला लावतो. वेग पडतो तो यामुळे. तिसरी, ‘सी-टू’. ड्राइव्ह ‘मला चूक सापडली’ असं स्वतःहून सांगतो ती सोय. हिच्यावर विसंबल्यास काम पटकन होतं, पण सगळे ड्राइव्ह खरं सांगत नाहीत. आम्ही ती बंद ठेवायला सांगू. ‘एरर रिकव्हरी क्वालिटी’ हाय, आणि वाचताना वेग कमी करायची मुभा चालू.

ऑफसेट या शब्दाने अनेकजण बिचकतात. प्रत्येक मॉडेल गाणं काही नमुने आधी किंवा नंतर सुरू करतं. कुणाचा फरक +६, कुणाचा +६६७. सहा नमुने म्हणजे सेकंदाचा सुमारे सात हजारावा भाग, कानाला तो कळणं शक्य नाही. आकडा लागतो तो अ‍ॅक्युरेटरिपसाठी, म्हणजे जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या गाण्यांच्या खुणांशी आपली खूण ताडून बघण्यासाठी. त्यांच्या यादीत आपल्या ड्राइव्हचं मॉडेल शोधायचं, समोरचा आकडा टाकायचा, की झालं.

आणि इथेच मराठी सीडींची अडचण सुरू होते. गाजलेल्या इंग्रजी आल्बमला आणि बऱ्याच हिंदी चित्रपटांच्या सीडींना ताडायला जोडीदार मिळतो, ‘अ‍ॅक्युरेटली रिप्ड’ असा शेरा येतो आणि प्रश्न मिटतो. मराठी भक्तिगीतांची, नाट्यपदांची सीडी घातली की बहुतेक वेळा ‘हा ट्रॅक डेटाबेसमध्ये नाही’ असंच उत्तर येतं. सोलापुरात तर एकाच कपाटात मराठी अभंग, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं आणि तेलुगू भक्तिगीतं अशा तिन्ही चळती सापडतात, आणि तिन्हींची तीच गत. तिथे दुसरा साक्षीदार नाही, म्हणून आपल्याच ड्राइव्हची साक्ष दोनदा काढायची. त्यासाठी ‘टेस्ट अँड कॉपी’, शिफ्ट एफ६. ईएसी आधी सगळा ट्रॅक वाचून एक सीआरसी आकडा (म्हणजे वाचलेल्या माहितीवरून काढलेली खूण) काढतो, मग पुन्हा पहिल्यापासून वाचून फाइल बनवतो आणि दुसरा आकडा काढतो. दोन्ही आकडे अक्षरन्‌अक्षर जुळले आणि ‘कॉपी ओके’ आलं तर तो ट्रॅक निर्धास्तपणे ठेवा. ‘ट्रॅक क्वालिटी’ १०० टक्क्यांऐवजी ९९.८ दिसली तर गाणं खराब आलं असा अर्थ काढू नका. काही तुकडे पुन्हा वाचावे लागले, इतकंच. आकडे जुळले नाहीत किंवा ‘सस्पिशस पोझिशन’ म्हणून वेळ दिली, तर मात्र ती जागा हेडफोन लावून ऐका. लॉग फाइल नेहमी जपून ठेवा. चार वर्षांनी एखाद्या ओळीत खरखर ऐकू आली तर ती मूळ ध्वनिमुद्रणात आहे की कॉपीत, हे सांगणारा तेवढाच कागद आपल्याकडे असतो.

या सगळ्याला वेळ किती? तासाभराची सीडी चांगल्या स्थितीत असेल तर टेस्ट आणि कॉपी मिळून वीस ते तीस मिनिटं धरा. चरे असतील तर हिशेब नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत हे काम काढू नका. पातळ ड्राइव्हला पंखा नसतो आणि सतत पुन्हा वाचताना तो आधीच तापलेला असतो. गरम झालेला ड्राइव्ह सकाळी नीट वाचलेल्या चकतीवरही अडखळतो. सकाळी चार-पाच सीडी, मग विश्रांती, हे चांगलं. धुळीसाठी ड्राइव्हच्या भिंगावर कापूस घासण्यापेक्षा रबरी पंपाने हवा मारणं बरं. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. वीज गेली तर चालू ट्रॅक जातो, आधीचे राहतात.

चकती साफ करताना मऊ सुती कापड आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब पुरतात. पुसायचं मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. चकतीवरची माहिती गोल वळत जाणाऱ्या वाटेवर आहे. आडवा चरा ती वाट क्षणभर कापतो. सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट सीडीची स्वतःची यंत्रणा भरून काढते. वाटेच्या दिशेने गेलेला चरा मात्र सलग लांबवर माहिती खातो आणि मग ईएसीचे पाचही दिवे कामाला येत नाहीत. आता चकती ट्यूबलाइटसमोर धरून छापील बाजूकडे बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला अ‍ॅल्युमिनियमचा थरच गेलाय. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच असतं, तिथला चरा घासून कमी करता येतो. छापील बाजूला या थरावर नुसता लाखेचा पातळ हात असतो. बॉलपेनने लिहिलेलं नाव, ओढून काढलेलं स्टिकर, एवढ्यानेही तो फाटतो आणि त्याला दुरुस्ती नाही. घरी बर्न केलेल्या सीडी-आर तर सगळ्यांत आधी उतरवा. त्यांतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने फिका पडतो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हाळे काढलेली सीडी-आर अर्धी वाचली गेली तरी मिळवलं म्हणा.

नावं भरण्याच्या बाबतीत ईएसी आपल्याला फार मदत करत नाही, आणि यात त्याचा दोष थोडाच आहे. सीडींतल्या गाण्यांची नावं पुरवणारा फ्रीडीबी हा जुना डेटाबेस २०२० मध्ये बंद झाला. त्याचा पत्ता देणारी जुनी मार्गदर्शनं वाचून वेळ घालवू नका. म्युझिकब्रेन्झ किंवा जीएनयूडीबी वापरा. मराठी सीडी तिथे मिळालीच तर नाव रोमनमध्ये, तेही ज्याला जसं सुचलं तसं. गायकाच्या जागी संगीतकार, कवीचं नाव गायब. पाकीट समोर ठेवून हातानेच भरायची तयारी ठेवा. गाणी उतरवल्यावर एमपीथ्रीटॅग हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यात देवनागरीत नावं टाका. कवीला आणि संगीतकाराला वेगळे रकाने आहेत, ते रिकामे ठेवू नका. फाइलच्या नावाची सुरुवात मात्र इंग्रजी आकड्यांनी, दोन अंकी करा, म्हणजे दहावं गाणं पहिल्याच्या मागोमाग येणार नाही. बरेच स्वस्त प्लेअर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दाखवतात, काही जोडाक्षरं फोडतात. शंभर सीडींची नावं टाइप करण्याआधी एक गाणं प्लेअरमध्ये टाकून पडदा बघा.

कुठल्या स्वरूपात उतरवायचं यावर आमचं मत पक्कं आहे : कॉम्प्युटरवर फ्लॅक, खिशात एमपीथ्री. उघडी वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी खाते. फ्लॅक तिच्या साठेक टक्क्यांत तेच गाणं एकही बिट न गमावता ठेवतं. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं सीडीवर दोन्ही चॅनेलला सारखीच छापलेली असतात, ती तर निम्म्याच्याही खूप खाली येतात. फ्लॅकचा एन्कोडर, म्हणजे गाणं त्या स्वरूपात बदलणारा प्रोग्रॅम, ईएसीबरोबरच येतो, एफ११ मध्ये तो निवडा. एमपीथ्रीसाठी लेम नावाचा एन्कोडर वेगळा उतरवावा लागतो. त्यापेक्षा फ्लॅक झाल्यावर फूबार२००० किंवा फ्रीएसी या प्रोग्रॅममधून एकगठ्ठा एमपीथ्री करणं सोपं. पुढे प्लेअर बदलला तर सीडी पुन्हा हातात धरावी लागत नाही.

एमपीथ्री १२८ केबीपीएसवर (सेकंदाला १२८ किलोबिट) करू नका. अभंगातला टाळ ऐका म्हणजे कारण कळेल. टाळाचा नाद वरच्या पट्टीत लांब पसरतो. १२८ वर लेम साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकतो आणि उरलेल्यातही काटकसर करतो, त्यामुळे टाळ किणकिणण्याऐवजी पाण्यातून आल्यासारखा फसफसतो. तबल्याच्या थापेच्या अगदी आधी हलकी फुसफुस ऐकू येते, तीही याच काटकसरीची. लेमचा व्ही-टू पर्याय सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास राहतो आणि प्रवासात ऐकायला उत्तम आहे. जागा असेल तर ३२०. तासाभराची सीडी व्ही-टूमध्ये सुमारे ८५ एमबी, ३२० मध्ये १४४. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात ३२० ने दोनशेहून जास्त सीडी सहज बसतात. प्लेअर फ्लॅक वाजवत असेल आणि ऐंशी-नव्वद सीडींवर भागत असेल तर सरळ फ्लॅकच भरा. आयपॉडला मात्र फ्लॅक चालत नाही, त्याच्यासाठी अ‍ॅपलचं एएलएसी करून घ्यावं लागतं.

प्लेअरमध्ये टाकताना दोन चुका नेहमीच्या. पहिली क्रमाची. साधे प्लेअर फायली नावाने लावत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने वाजवतात. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एका वेळी एकच फोल्डर टाका, फायली नावाप्रमाणे लावून सगळ्या निवडा आणि पहिल्या फाइलला धरून ओढा. मधल्या फाइलला धरलं तर कॉपी तिथून सुरू होते आणि हरिपाठाआधी पसायदान लागतं. ६४ जीबी किंवा मोठं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं, बऱ्याच जुन्या प्लेअरना ते दिसतच नाही. दुसरी चूक जोडगाण्यांची. मैफिलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो, पण आवाज सलग असतो. एमपीथ्री बनताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटतेच, आणि प्लेअर ती वगळत नसेल तर ऐन समेवर झटका बसतो. फ्लॅकमध्ये ही शांतता मुळात येत नाही. एमपीथ्रीच हवं असेल तर ईएसीच्या ‘कॉपी रेंज’ने ते दोन-तीन ट्रॅक मिळून एकच फाइल उतरवा.

हे सगळं कुणासाठी नाही? घरात पाच-सहा नव्यासारख्या सीडी असतील तर फ्रीएसी वापरा, तासाभरात सुटाल. विंडोज मीडिया प्लेअरमध्येही ‘एरर करेक्शन’ची खूण करून काम भागतं. फक्त गाणं नीट आलं की नाही, हे तो सांगत नाही. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर हे ईएसीच्याच तोडीचे आहेत. ईएसीचा चेहरामोहरा जुना, भाषा इंग्रजी, पर्याय चार खिडक्यांत विखुरलेले. ज्येष्ठांना नुसतं ‘गाणी उतरवा’ म्हणाल तर ते अडतील. एकदा कुणी प्रोग्रॅम लावून दिला आणि ‘चकती घाला, नावं भरा, शिफ्ट एफ६ दाबा’ एवढं कागदावर लिहून दिलं, की मग कुणालाही जमतं. आपण घेतलेल्या सीडीची आपल्या ऐकण्यासाठी प्रत करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या खासगी वापराच्या सवलतीचा आधार आहे. ती पेनड्राइव्हमध्ये भरून विकणं त्यात बसत नाही.

एवढं करूनही एखादा ट्रॅक हाती लागला नाही तर वेग ४ पटीवर आणून फक्त तोच पुन्हा घ्या. नंतर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर बघा, एकाला न जमलेला चरा दुसऱ्याला जमतो. त्यानेही भागलं नाही तर नातेवाइकांकडे, शेजारी, भजनी मंडळात तीच सीडी कुणाकडे आहे का विचारा आणि तिच्यावरून तेवढा एक ट्रॅक उतरवा. लॉगमध्ये दोन्ही चकत्यांची ट्रॅकची लांबी ताडून बघा. काही सेकंदांचा फरक असेल तर ती वेगळी आवृत्ती आहे. तसं फाइलच्या नावातच लिहून ठेवा.